माझ्या पोटातलं नाव

एक पत्र आले होते आणि माझ्या मालकांनी त्याचे उत्तर दिले नव्हते. ते पत्र कित्येक महिने माझ्याच अंगाखाली ठेवलेले होते. कागदाचे वजन ते किती असणार! तरी मला ते सारखे टोचत असे. त्यात लिहिले होते, "माझं नाव अजून तुमच्या यंत्रात आहे. तुमचं खरं नाव मला ठाऊक नाही. त्या माणसाने काय ऐकलं, एवढं तरी कळवा."

मित्रांनो, ते यंत्र म्हणजे मी. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझी गोष्ट सांगण्यासारखी आहे की नाही, याची मला स्वतःलाच खात्री नाही. मी जन्मभर दुसऱ्यांचे ऐकत आलो. स्वतःचे सांगायची सवय नाही. कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझी सगळी बटणे दाबून पाहिली आणि मला तपासण्यासाठी माझ्यासमोर खोकली. माझ्या पोटात गेलेला पहिला आवाज म्हणजे तो खोकला. तिने तो परत ऐकला, समाधानाने मान हलवली आणि पुसून टाकला. तेव्हा माझे पुसणे अगदी चोख होते. काही मागे राहत नसे.

अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या एका शेतकी साप्ताहिकाच्या बातमीदाराने मला विकत घेतले. तेच माझे मालक. उंच, वाकलेले, पुस्तकांत डोके खुपसून बसणारे. कोणाशी बोलायचे म्हटले की आधी त्यांचे कान लाल होत. मला हातात धरले की मात्र त्यांना धीर येई. बैलांच्या बाजारात, ट्रॅक्टरच्या प्रदर्शनात, मक्याच्या गोदामात आम्ही एकत्र हिंडलो. संपादक म्हणत, "याच्या बातमीत माणूस जसा बोलतो तसाच बोलतो." ती शाबासकी निम्मी माझी होती, असे मला वाटे. बहुधा नसेलही. तेव्हा मालक स्वतःच्या खऱ्या नावाने लिहीत असत.

अशाच एका प्रदर्शनात मी ट्रॅक्टरच्या पायरीवरून खाली पडलो. माझे कॅसेटचे दार वाकले. तेव्हापासून ते लोणी लावायच्या सुरीने एका बाजूने हळूच उचकल्याशिवाय उघडत नसे. मालक ती बोथट सुरी कोटाच्या खिशात घेऊन फिरत. त्यांनी नवा टेपरेकॉर्डर घेतला नाही. मला त्याचा अभिमान वाटे. पुढे याच गोष्टीने घात केला.

साप्ताहिक बंद पडले. मालकांना कॅलिफोर्नियात एका मासिकात नोकरी मिळाली. 'फक्त प्रौढांसाठी' असा शिक्का असलेल्या चित्रफिती बनवणारे आणि विकणारे लोक ते मासिक वाचत. मालकांची बहीण गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. तिला कळू नये म्हणून मालकांनी दुसरे नाव घेतले, वेंडेल हॅगर्टी. मीही त्यांना इथे त्याच नावाने हाक मारणार आहे.

त्या धंद्यात कोणीच स्वतःच्या नावाने वावरत नसे. माझ्यापुढे येऊन बसणारा प्रत्येक जण खोटे नाव सांगे आणि आम्ही ते खरे धरून चालत असू. कोणाचे खरे नाव चारचौघांत उच्चारू नये, हा तिथला एकच कडक नियम होता. बाकी सगळे नियम वाकत. मला मात्र हळूहळू सगळ्यांचा संशय यायला लागला. हसणाऱ्याचा जरा जास्तच.

दर जानेवारीत लास व्हेगासला या धंद्याचे मोठे प्रदर्शन भरे. मी सांगतो आहे तो अशाच एका वर्षीच्या प्रदर्शनाचा शेवटचा दिवस.

सकाळी दारावरच्या रखवालदाराने मालकांचा कोट चाचपला.

"हे काय काका? सुरी?"

"लोणी... म्हणजे लोण्याची आहे. टेपरेकॉर्डरचं दार उघडायला."

"टेपरेकॉर्डरचं दार उघडायला सुरी," रखवालदार शेजाऱ्याकडे बघून म्हणाला. "तीस वर्षं दारावर उभा आहे. ही थाप नवीन आहे. इथं ठेवा, जाताना न्या."

मालकांचे कान लाल झाले. सुरी दारावर राहिली.

शेवटच्या दिवशी त्या सभागृहाचे रूप पालटलेले असे. गिऱ्हाइके संपलेली, संगीत बंद, कोपऱ्यात गालिचे गुंडाळायला सुरुवात झालेली. सही करून करून दमलेल्या नट्या टेबलाखाली उंच टाचांचे बूट काढून घरच्या सपाता घालून बसत. मालक म्हणत, हे ट्रॅक्टरच्या प्रदर्शनासारखेच आहे. शेवटच्या दिवशी सगळ्यांचे पाय दुखतात आणि सगळे खरे बोलतात.

मार्ज पिट्सोनी नावाच्या जाड, खणखणीत आवाजाच्या बाईंच्या गाळ्यावर आम्ही थांबलो. आधी मार्जबाईंनीच मला धरून ठेवले. धंद्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. उपाहारगृहातल्या मीठ लावलेल्या पिळाच्या पावावर, म्हणजे प्रेट्झेलवर, त्यांचा राग होता.

"लिही वेंडेल, लिही! तो प्रेट्झेल आहे का दाराची कडी? माझी दाढ हलली. वर तो पोऱ्या म्हणतो, मॅडम, कॉफीत बुडवून खा. अरे, मी काय हौद घेऊन आलेय बुडवायला?"

मग मालक ओपलकडे वळले. ती मार्जबाईंच्या चित्रफितींतली नटी; ओपल वेस्टब्रुक हे तिचे तिथले नाव. वय चाळिशीकडे झुकलेले. तिचा तो धंद्यातला अखेरचा दिवस होता, आणि मालकांना तिचीच मुलाखत हवी होती. ती सपाता घालून, पाय चोळत बसली होती.

"उद्यापासून काय?" मालकांनी विचारले.

"गावी. आईकडे. तिथं गुराढोरांचा दवाखाना आहे, त्यात नोकरी लागलीय. डॉक्टर चर्चचे पुढारी आहेत, म्हणजे बघा. तिथं सगळ्यांना वाटतं मी इतकी वर्षं विम्याच्या कचेरीत होते. आईलासुद्धा. थांबा, हे छापायचं नाही हं!"

"नाही. यंत्र अजून चालू केलं नाही," मालक म्हणाले, आणि त्यांनी मला चालू केले. माझा छोटा लाल ठिपका पेटला.

मित्रांनो, पुढे जे घडले ते त्याच धंद्यातल्या माणसाकडून घडू शकते. लाल ठिपका दिसताच ओपलची पाठ ताठ झाली. चेहऱ्यावरचा शीण पुसल्यासारखा गेला. ती सरळ माझ्याकडे बघून स्पष्ट आवाजात बोलायला लागली. आपले खरे नाव, आडनावासकट. जन्मतारीख. आजची तारीख. "मी इथे माझ्या खुशीने आले आहे. माझ्यावर कोणीही जबरदस्ती केलेली नाही." बोलता बोलता तिने पर्समधून गाडीचा परवाना काढला आणि चेहऱ्याशेजारी धरला. मी कॅमेरा नाही, हेही तिच्या लक्षात आले नाही.

मग तिचा हात तसाच हवेत राहिला.

"अगं बाई," ती पुटपुटली. "हे काय केलं मी!"

त्या धंद्यात चित्रण सुरू होण्याआधी प्रत्येकाला कॅमेऱ्यासमोर हे म्हणावे लागते. कायद्याचे काम. ओपलने ते इतक्या वेळा म्हटले होते की लाल ठिपका पेटला की तिचे तोंड आपोआप सुरू होई.

मालकांनी मला झटकन बंद केले. "मी काही ऐकलं नाही."

"तुम्ही नाही ऐकलं. याने ऐकलं ना!" तिने माझ्याकडे बोट दाखवले. "काढा ती कॅसेट."

मालकांनी दार ओढले. ते उघडेना. "सुरी दारावर ठेवून घेतली..."

"कसली सुरी?"

"दार अडकतं. सुरीशिवाय उघडत नाही."

"वा! बरं अडकतं नेमकं."

"मी पुसतो. तुमच्यासमोर पुसतो."

त्यांनी फीत मागे नेली आणि वरून कोरी शांतता भरायला सुरुवात केली.  मग ओपल म्हणाली, "लावा. ऐकू द्या मला." मालकांनी लावले. आणि मित्रांनो, आज सांगतानाही मला लाज वाटते. त्या शांततेच्या तळाशी, भिंतीपलीकडून कोणी बोलावे तसे, तिचे नाव ऐकू आले. माझा पुसणारा भाग कधीच झिजला होता. माझ्यात गेलेले आता पुरते जात नव्हते.

ओपलने हात पुढे केला. "मग यंत्रच द्या मला. असंच्या असं."

मालकांनी मला छातीशी धरले. मला वाटते, तो हात आपोआपच वर आला. "हे यंत्र... हे माझ्याकडे फार वर्षं... कॅसेट देतो ना. त्यात माझं सगळं काम आहे, तरी देतो. मी सुरी घेऊन येतो."

त्यांचा जीव माझ्यात होता. त्या क्षणी तो नसता तर बरे झाले असते.

तेवढ्यात मार्जबाईंनी हाक दिली, "ओपल, ये गं! बोइसी गावचे दुकानदार आलेत. एक शेवटचा फोटो, मग तू सुटलीस!"

"इथेच थांबा. हलू नका," ओपल मालकांना म्हणाली आणि गेली.

पण मालक हलले. तिची काळजी लवकर मिटावी म्हणून हलले. मला त्यांनी टेबलावरच्या भित्तिपत्रकांच्या ढिगाखाली सरकवले आणि सुरी आणायला दाराकडे धावले. एवढे वाचन केलेला माणूस, पण चोर आधी कुठे बघेल, हे काही त्यांना सुचले नाही.

समोरच्या गाळ्यावर रस्टी केल्सो बसला होता. तांबडे केस, मोकळे हसू, सगळ्यांच्या पाठीवर थाप. तो एक बातमीपत्र काढायचा आणि त्यात नट्यांची खरी नावे, त्यांची गावे छापायचा. त्याच्या हसण्याचा मला पहिल्यापासून संशय होता. चेहऱ्याशेजारी परवाना धरलेली ओपल त्याने बघितली होती. ती काय बोलत असणार, हे ओळखायला त्या धंद्यातल्या माणसाला ऐकावे लागत नाही.

त्याने मला ढिगाखालून उचलले, फीत भराभर मागे नेली आणि मला कानाला लावले. मी काय करणार? बटण दाबले की बोलणे हा माझा धर्म. पण घाईत त्याने फीत फार मागे नेली होती. त्याच्या कानात मार्जबाई ओरडल्या, "तो प्रेट्झेल आहे का दाराची कडी?"

शेजारी गालिचे गुंडाळणारी यंत्रे घरघरत होती. रस्टी वैतागला. त्याने खिशातली किल्ली माझ्या दारात खुपसली आणि जोर लावला. आत काहीतरी मोडले. ते दार पुन्हा कधी उघडलेच नाही.

फोटोतून वळताना ओपलने बघितले. मी रस्टीच्या हातात होतो.

"ए केल्सो!" मार्जबाई गरजल्या. "ठेव ते. नाहीतर हाच प्रेट्झेल तुझ्या टाळक्यात हाणते!"

"काय मार्जताई, किती वाजले बघत होतो," रस्टी हसत म्हणाला आणि मला टेबलावर टाकून निघून गेला. जाताना त्याने ओपलला डोळा मारला. काही ऐकले नाही, हे त्याने कशाला सांगावे?

मालक सुरी घेऊन धापा टाकत परत आले.

"दिलंत त्याला," ओपल म्हणाली. आवाज अगदी हळू होता.

"नाही! मी फक्त सुरी..."

"सुरी. दार. बहाणे छान आहेत तुमचे. बरं, एक सांगा. वेंडेल हॅगर्टी. हे तरी खरं नाव आहे का?"

मालकांचे कान पेटले. ओठ हलले. मला वाटले, आता सांगतील. पण आजूबाजूला माणसे होती, मनात बहीण होती, तिचा ऑर्गन होता. त्यांनी मान खाली घातली.

"वाटलंच," ओपल म्हणाली. उंच टाचांचे बूट तिथेच टाकून ती सपातांवरच निघून गेली.

त्यानंतर माझे काम संपले. मालकांनी घरी मला ऐकून ऐकून बातम्या लिहिल्या. पण त्या जागेपाशी फीत आली की ते डोळे मिटून पुढे पळवत. सुरीने दार उघडेना. एकदा मला दुरुस्तीच्या दुकानात नेले. दुकानदार म्हणाला, "ठेवून जा. आत काय आहे ते ऐकून बघतो, मग सांगतो." मालकांनी मला त्याच्या हातातून काढून घेतले आणि काही न बोलता घरी आणले. नंतर मी कपाटावर गेलो. माझ्यावर धूळ बसली.

मग ते पत्र आले. टपाल कचेरीतल्या पेटी क्रमांकाच्या पत्त्यावरून, खाली नुसती ओ. वे. ही अक्षरे. गावाचे नाव बघून मालकांनी ते पत्र माझ्या अंगाखाली सरकवले.

उत्तर लिहायला ते रोज बसत. लिहिलेले स्वतःशी वाचत, तेव्हा मला ऐकू येई. "तुमचं नाव माझ्याकडे सुरक्षित आहे." मग दचकून म्हणत, "ही तर धमकी झाली." कागद फाटे. "काळजी करू नका, मी कोणाला सांगणार नाही." पुन्हा थांबत. "हे तर पैसे मागणाराच लिहील." कागद फाटे. आणि रस्टीने काय ऐकले, हे त्यांना कुठे ठाऊक होते? मला ठाऊक होते. पण माझ्या आतल्या गोष्टी मी आपणहून सांगू शकत नाही. कोणीतरी बटण दाबावे लागते.

खरे सांगू? मला मालकांचाही संशय यायला लागला होता. मासिक डबघाईला आले होते. उत्तर न देणारा माणूस मनात काय धरून बसलाय, हे कपाटावरून कसे कळणार? एखाद्या दिवशी फोन करून ते नाव विकतील, असे मला वाटे.

उन्हाळ्यात खरेच फोन वाजला. तिकडून रस्टीचा आवाज इतका मोठा होता की मला कपाटावर सगळे ऐकू आले.

"काय म्हातारबा! बुडतंय म्हणे तुझं मासिक. ती ओपलची टेप आहे ना अजून?"

मालकांनी फोन कानापासून जरा लांब धरला.

"अरे, त्या दिवशी मला दगा दिला त्या डबड्याने. अर्धा मिनिट कानाला लावलं, तर काय? प्रेट्झेल! ती मार्ज आणि तिची दाढ! एक अक्षर दुसरं नाही. तू मला ते नाव दे, मी तुझं भलं करतो."

मालकांच्या तोंडून एक विचित्र आवाज आला. मी घाबरलो. मग कळले, ते हसत होते. इतक्या वर्षांत त्यांना असे हसताना मी कधी ऐकले नव्हते.

"प्रेट्झेल?" त्यांनी विचारले.

"हो, प्रेट्झेल! हसतोस काय?"

"थँक्यू, रस्टी," मालक म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यांनी मला कपाटावरून खाली घेतले. धूळ पुसली. बटणांच्या फटींतली धूळसुद्धा पुसली, दात घासायच्या ब्रशने. मला वाटले, पुन्हा कामाला जायचे. मग त्यांनी खोके आणले. जुन्या टॉवेलात मला गुंडाळण्याआधी एका कार्डावर त्यांनी लिहिले आणि सवयीप्रमाणे हळू वाचून पाहिले.

"त्या माणसाने फक्त मार्जचा प्रेट्झेल ऐकला. बाकी सगळं याच्या आत आहे, दुसरीकडे कुठेही नाही. तुम्ही मागितलं तेव्हाच द्यायला हवं होतं. दार आता उघडत नाही. हातोडा चालेल."

शेवटचे दोन शब्द त्यांनी पुन्हा एकदा वाचले. पण या वेळी कागद फाटला नाही. त्यांनी मला एकदा, फार पूर्वी बैलांच्या बाजारात धरत तसे, दोन्ही हातांत धरले. मग टॉवेल.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, अडगळीत टाकू नका. मला तसे म्हणायचा हक्क आहे का, ठाऊक नाही. माझे तुकडे होणार आहेत आणि ते व्हायलाच हवेत. तुम्ही मला जपू नका. पण कोणी दमून, सवयीने, तुमच्या पुढ्यात आपले काही ठेवून गेले, तर ते जपा. आणि परत मागितले तर तुमची लाडकी वस्तू मोडूनसुद्धा परत करा. ते नाव कोणते, असे तुमच्यातल्या कोणाच्या तरी मनात येत असेल. मला सगळ्यांचाच संशय येतो, तुमचाही येतो. मी सांगणार नाही.

टपाल कचेरीतल्या बाईंनी खोके हलवून बघितले.

"आत काय आहे? टिकटिक करत नाही ना?"

"जुना टेपरेकॉर्डर आहे."

"चालतो?"

"ऐकतो चांगलं."

"घेणाऱ्याचं नुसतं ओ. वे.? पूर्ण नाव नाही लिहायचं?"

"ते नको. तेवढ्यावर पोचेल."

"हं," बाई संशयाने म्हणाल्या. "आणि पाठवणारा? इथं तरी पूर्ण नाव लागेल. खरं."

लेखणी क्षणभर कागदावर टेकून राहिली. मग ती सलग चालली. बाईंनी लिहिलेले मोठ्याने वाचले, आडनावापाशी जरा अडखळत. ट्रॅक्टर, मका आणि बैल यांच्यानंतर ते नाव मी प्रथमच ऐकत होतो. तेही मी कोणाला सांगणार नाही. ते ओपलसाठी लिहिलेले आहे.

बाईंनी खोक्यावर शिक्का मारला आणि मला मागच्या पोत्यात टाकले.